पेटाऱ्यावरची वेल कागदावर उतरवताना: टेलेमार्क रोझमालिंगचं एक प्रकरण

‘नॉर्वेजियन नक्षी’ म्हणून कागदकामात जे दिसतं, त्यात बहुतेक वेळा एकच साचा असतो. मधोमध लाल फूल, निळी जमीन म्हणजे पार्श्वभूमी, दोन्ही बाजूंना आरशात पाहिल्यासारखी हुबेहूब पानं. दिसायला छान, करायला सोपं, आणि कुठल्याच गावचं नाही. रोझमालिंग ही नॉर्वेतली लाकडावर फुलं-वेली रंगवण्याची ग्रामीण कला. तिच्यात प्रत्येक खोऱ्याची चाल वेगळी आहे, आणि कागदाचं कुठलं तंत्र वापरायचं हे त्या चालीवरून ठरवावं लागतं. पुढचं प्रकरण त्याच निवडीचं आहे.

माझ्याकडे आलेलं काम होतं नॉर्वेतल्या कॉंग्सबर्ग या गावातल्या एका कुटुंबाचं. मे महिन्यात धाकट्या मुलीचं कन्फर्मेशन होतं. पंधराव्या वर्षाच्या सुमारास होणारा हा ख्रिस्ती विधी चर्चमध्ये होतो, धर्म न मानणाऱ्या घरांत मानवतावादी पद्धतीनेही होतो. नंतर लांब टेबलं मांडून जेवण, आणि जेवता जेवता भाषणं. प्रत्येकाच्या ताटाशी नावाचं छोटं कार्ड ठेवायची इथली पक्की रीत आहे. पाहुणे चाळीस, म्हणून चाळीस कार्डं, शिवाय भिंतीवर लावायला एक मोठी चौकट. अट एकच होती: नक्षी आजीच्या घरातल्या पेटाऱ्यावरची हवी.

पेटारा

पेटारा दक्षिण नॉर्वेतल्या टेलेमार्क भागातला, आजीच्या माहेरून आलेला. अशा पेटाऱ्यांत मुलीचे कपडे, कापड, चांदी भरून सासरी पाठवत. दर्शनी फळीवर मालकिणीचं नाव आणि साल रंगवायची पद्धत होती, ती इथेही पाळलेली. चित्रकाराचं नाव मात्र कुठेच नाही. जमीन निळसर हिरवी, वर्षानुवर्षांच्या रोगणाने तपकिरीकडे झुकलेली. तिच्यावर दोन भागांत वेल. दोन्ही भाग पहिल्या नजरेला जोडीचे वाटतात. जरा वेळ पाहिलं की कळतं, उजवीकडची वेल खालून फुटून वर जाते आणि डावीकडची मध्येच वळून स्वतःला ओलांडते.

रंगाचे पोपडे काही ठिकाणी सुटू लागले होते, त्यामुळे वर ट्रेसिंग पेपर ठेवून नक्षी उतरवण्याचा प्रश्नच नव्हता. समोरून एक सरळ फोटो काढला आणि दुसरा बाजूने तिरका उजेड पाडून. हा दुसरा फोटो फार कामाचा ठरला. तिरक्या उजेडात रंगाची जाडी दिसते, आणि जाडीवरून कुंचला कुठे टेकला, कुठे दाबला, कुठे उचलला हे वाचता येतं. कुठला फटकारा कुठल्याच्या वरून गेलाय हेही कळतं. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो घेतले की पुढे प्रमाण काढायला त्रास होत नाही.

आजी सगळा वेळ शेजारी उभ्या होत्या. “फूल नको मोठं करूस,” त्या म्हणाल्या, “सगळे फूलच मोठं करतात.” संपूर्ण प्रकरणातली सगळ्यात उपयोगी सूचना हीच होती.

ही कला घरात कशी शिरली

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण नक्षीची रचना त्यातूनच आलेली आहे. नॉर्वेच्या जुन्या शेतघरांत खोलीच्या मध्यावर उघडी चूल असे आणि धूर छपराच्या भोकातून बाहेर जाई. भिंती काजळीने काळ्या, तिथे रंगवायचं काय आणि कशासाठी? धुराडं असलेल्या चुली घरोघरी आल्या, खोल्या उजळल्या, आणि भिंत, छत, कपाट, पेटारा हे सगळं रंगवण्याजोगं झालं. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पूर्व नॉर्वेच्या खोऱ्यांत ही कला बहरली. चर्चमध्ये रंगीत वेली त्याआधीच होत्या. कॉंग्सबर्गहून नुमेदाल खोऱ्यात वर जात राहिलं की उव्दालचं स्तंभचर्च, म्हणजे लाकडी खांबांच्या सांगाड्यावर उभं जुनं चर्च, लागतं. त्याच्या आतल्या भिंती वेलबुट्टीने भरलेल्या आहेत.

शहरांत आणि चर्चमध्ये बरोक शैलीची, अकँथस या झुडपाची कातरलेली पानं आली, मागोमाग रोकोकोचे शंखासारखे वळसे. खेड्यातल्या चित्रकारांनी ते उचलले आणि आपल्या हाताला जुळवून घेतले. हे बहुधा गरीब घरचे, जमीन नसलेले लोक. एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचं, तिथेच जेवायचं-राहायचं, खोली किंवा पेटारा रंगवून पुढे निघायचं. हालिंगदाल खोऱ्यातले हेरब्रांड साता आणि त्यांचे मुलगे, टेलेमार्कचे ओलाव हान्सन आणि नंतरचे थॉमस लुरोस ही त्यांतली आज नावाने ओळखली जाणारी माणसं. पोट कामाच्या उरकेवर अवलंबून असल्याने हात झपाझप चालवावा लागे. फटकारा एकदा ओढला की ओढला. टेलेमार्कच्या वेलीत जी धाव दिसते, तिच्यात या घाईचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला ओसरली आणि अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेजियनांत पुन्हा उगवली. लॅरदालचे पेर लिस्ने १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या स्टॉटनला गेले आणि तिथल्या गाड्यांच्या कारखान्यात गाड्यांवर रेघा-नक्षी रंगवू लागले. मंदीच्या काळात ते काम आटलं, तेव्हा त्यांनी लाकडी थाळ्या रंगवून विकल्या. आज अमेरिकेतल्या रोझमालिंगचे आद्य म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. भिंतीची नक्षी गाडीवर आणि गाडीची थाळीवर जाऊ शकते, तर कागदावर का नाही, असं कुणी ‘ही कला लाकडाचीच’ म्हणून नाक मुरडलं की मी विचारते.

टेलेमार्क की हालिंगदाल

कागदकामाच्या दृष्टीने दोन शैलींतला फरक मोलाचा आहे. हालिंगदालची नक्षी बहुधा सममित असते. मध्यावर मोठं फूल किंवा चक्र, दोन्ही अंगांना तोलून बसवलेल्या फांद्या, रंग दाट आणि ठसठशीत. कागद मधोमध दुमडून कापला की अर्धं काम तिथेच होतं. दाट रंगांना रंगीत कागद चपखल बसतो.

टेलेमार्क याच्या उलट. वेल एका मुळापासून फुटते. तिथून इंग्रजी ‘सी’सारखा मोठा वळसा निघतो, त्याच्या पाठीतून ‘एस’सारख्या उपफांद्या फुटतात, आणि फूल त्या वेलीला वाटेत भेटतं. ते मध्यावर नसतं. दोन्ही बाजू सारख्या नसतात, पण तोल असतो. रंग पातळ लावलेले, त्यामुळे एक वळसा दुसऱ्यावरून जातो तिथे खालचा थोडा दिसत राहतो. शेवटी बारीक कुंचल्याने ओढलेल्या रेघा आणि पाण्याच्या थेंबासारखे फटकारे.

इथे घडी निरुपयोगी. दुमडून कापलेली टेलेमार्क वेल म्हणजे हालिंगदालला चुकीचे कपडे घालणं. मुलीच्या आईचा कल सुरुवातीला घडीकडेच होता, कारण चाळीस कार्डं लवकर झाली असती. माझं म्हणणं होतं की मग पेटाऱ्याचं नाव घेऊ नये. पेटाऱ्यावरची बाह्यरेषा कटिंग मशीनला देणं हा दुसरा सोपा मार्ग होता. त्याचा एक नमुना केला आणि टेबलावर ठेवला. सगळं बरोबर होतं, फक्त वेल थांबलेली होती. यंत्र आकाराची कड कापतं. कुंचल्याचा दाब कसा वाढला आणि कसा कमी झाला, हे कडेत पुरेसं उतरत नाही. नमुना पाहून आई स्वतःच म्हणाली, “हे दुकानातलं वाटतंय.”

मग ठरलं ते असं: कडा उतरवायच्या नाहीत, फटकाऱ्यांचा क्रम आणि दाब उतरवायचा. आधी मूळ, मग मोठा ‘सी’, मग ‘एस’, मग पानं, मग फूल, मग थेंब, आणि सगळ्यात शेवटी रेघा. कागदकामात सवय नेमकी उलटी असते. आधी फूल चिकटवायचं आणि उरलेली जागा पानांनी भरायची. टेलेमार्कमध्ये त्या सवयीने वेल मरते.

कागदाची पट्टी आणि कुंचल्याचा दाब

क्विलिंगची, म्हणजे कागदाच्या अरुंद पट्ट्या वळवून नक्षी करण्याच्या तंत्रातली, पट्टी उभी चिकटवली की वरून तिची फक्त जाडी दिसते. १६० जीएसएम (दर चौरस मीटरला १६० ग्रॅम वजनाच्या) कागदाची जाडी साधारण ०.२ मिमी. म्हणजे रेघ सगळीकडे सारखी. कुंचल्याची रेघ मात्र दाबाने फुगते आणि उचलताना निमुळती होते. पट्टीला ते कसं शिकवायचं?

उपाय जुडग्यात सापडला. एकाच रंगाच्या पाच पट्ट्या घ्यायच्या: १२, १०, ८, ६ आणि ४ सेंमी. सगळ्यांची एक बाजू जुळवायची, ते मूळ. तिथे पाचही पट्ट्या असल्याने जाडी १ मिमीच्या आसपास येते. पुढे एकेक पट्टी संपत जाते आणि शेवटचे २ सेंमी एकच पट्टी उरते. रेघ आपोआप निमुळती होते. मात्र जुडगा सरळ चिकटवून नंतर वाकवला तर आतल्या पट्ट्यांना सुरकुत्या पडतात, कारण वळणावर आतल्या बाजूचं अंतर कमी असतं. म्हणून गोंद ओला असतानाच वाकवायचं, म्हणजे पट्ट्या एकमेकींवरून हवं तितकं सरकतात. ‘सी’च्या वळणासाठी लाटणं वापरलं, छोट्या ‘एस’साठी औषधाची बाटली आणि पेन. बोटांनी हवेत वळवलेलं वळण कधीच सलग येत नाही.

कागदाच्या तंतूंची दिशाही पाहायला हवी. ताव दोन्ही दिशांनी अलगद वाकवून बघावा. ज्या दिशेने कमी विरोध जाणवतो, तिथे वाकण्याची रेघ तंतूंना समांतर असते. पट्टी अशी कापायची की तंतू तिच्या रुंदीतून जातील, लांबीतून नाहीत. मग ती न मोडता गोल वळते. उलट कापलेली पट्टी छोट्या वळणावर कोन करते, आणि रोझमालिंगमध्ये कोनाला जागा नाही.

मोठ्या ‘सी’ला जुडगा अपुरा पडतो. पेटाऱ्यावर तो वळसा मध्यावर चांगला रुंद होता. तो १६० जीएसएमच्या कागदातून चंद्रकोरीसारखा कापला आणि बाहेरच्या कडेने सॉफ्ट पेस्टलची पूड कापसाच्या काडीने चोळत गडद केला. रंगकामात ही छटा ओल्या रंगात दुसरा रंग ओढून आणतात. कागदावर ओलावा चालत नाही, पूड चालते. मग चंद्रकोरीच्या बाहेरच्या कडेला जुडगा उभा बसवला. आत सपाट छटा, बाहेर फुगत जाणारी रेघ. तिरक्या उजेडातल्या फोटोच्या सगळ्यात जवळ हे पोचलं.

पारदर्शकपणाचा प्रश्न ट्रेसिंग पेपरने सुटला. जिथे वेल स्वतःला ओलांडते, तिथला वरचा वळसा रंग चोळलेल्या ट्रेसिंग पेपरचा केला. खालचा त्यातून अंधुक दिसतो. पण ट्रेसिंग पेपर पाण्याच्या गोंदाने लगेच आखडतो आणि गोंदाचे डाग वरून दिसतात. म्हणून जिथे वरून उभी रेघ जाणार आहे, फक्त तिथेच सुईच्या टोकाएवढा गोंद. बाकीचा भाग मोकळा.

थेंबांचं काम साधं पण सगळ्यात वेळखाऊ. १२० जीएसएम कागदातून एक टोक गोल, एक अणकुचीदार असे थेंब कापायचे. कापताना कातर स्थिर धरून कागद फिरवायचा. मग माऊसपॅडच्या मऊ बाजूवर ठेवून गोल टोकाच्या एम्बॉसिंग काडीने डोक्याकडे दाबायचं, म्हणजे थेंबाला पोट येतं. शेपटी सपाटच ठेवायची. दाब कुठे होता आणि कुठे संपला, हे त्या फुगवट्यावरून वाचता येतं.

रंग ठरवताना झालेला वाद

घरात दोन मतं होती. आजींना पेटाऱ्याचे आजचे रंग हवे होते, म्हणजे मळलेला हिरवा-निळा, विटकरी तांबडा, मधासारखा पिवळा. मुलीला तिच्या नव्या बुनादशी जुळणारे रंग हवे होते. बुनाद हा सणासमारंभाचा प्रादेशिक पोशाख, आणि मुलींना तो बहुधा कन्फर्मेशनलाच मिळतो. टेलेमार्कच्या बुनादवर लोकरीच्या धाग्याने भरलेली फुलं असतात, त्यांचंही नातं याच नक्षीशी आहे. पण धागे नवे, झगझगीत.

जुन्या चित्रकारांकडे रंग मोजके असत: लोखंडाच्या गंजाच्या जातीचे तांबडे, पिवळी माती, पांढऱ्यासाठी शिसं, आणि अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये तयार झालेला प्रशियन निळा. पेटारा रंगवला तेव्हा तो आजच्याइतका मंद नक्कीच नव्हता. जवसाचं तेल आणि रोगण काळाने पिवळं पडतं. म्हणजे मुलीचं मतही पेटाऱ्याशी प्रामाणिकच होतं, फक्त तरुण पेटाऱ्याशी. हे सांगितल्यावर आजी हसल्या. तडजोड अशी झाली: जमीन आजच्या पेटाऱ्याची, फुलं बुनादची. सहसा मला तडजोडीचे रंग आवडत नाहीत, पण इथे मंद जमिनीवर तांबडा उठून दिसला. हस्तकलेच्या तयार पाकिटातला शुद्ध लाल मात्र कुठेही वापरला नाही. प्रत्येक रंगावर तपकिरी पेस्टलची हलकी पूड चोळली.

चाळीस कार्डं

चौकटीत जे चाललं ते कार्डावर चालणार नव्हतं. ३ मिमी उभी पट्टी टेबलावर धोक्यात असते. बुनादच्या बाहीला चांदीची बटणं असतात आणि बटणांत कागद अडकतो. कार्डावर म्हणून उभ्या रेघा ठेवल्या नाहीत. तिथे फक्त एक मूळ, एक छोटा ‘सी’, एक ‘एस’ आणि तीन थेंब, सगळं सपाट कापलेलं, थेंबांना तेवढं पोट. बारीक रेघा पांढऱ्या जेल पेनने.

छोटा ‘सी’ चार कागद एकावर एक ठेवून कापला. जिथे आकार साधा आहे तिथे हाताने एकेक कापण्याचा हट्ट मला पटत नाही. ‘एस’ आणि थेंब मात्र प्रत्येक कार्डावर वेगळ्या कोनात बसवले, काहींवर ‘सी’ उलटा केला. चित्रकारही एकच फांदी शंभर वेळा रंगवत, पण दोन फांद्या तंतोतंत सारख्या येत नसत. चाळीस कार्डं ओळीने मांडल्यावर ती एका हातची वाटली पाहिजेत, एका साच्यातली नाही, एवढंच पाहायचं होतं.

नावं मुलीच्या आईने लिहिली. मी सुचवलं होतं की पेटाऱ्यावरच्या अक्षरांच्या वळणात लिहावीत. तिने आपल्या नेहमीच्या अक्षरात लिहिली, आणि ती जास्त शोभली.

चौकटीला काच लावताना आत ८ मिमीची पट्टी टाकून अंतर ठेवलं, नाहीतर काच उभ्या रेघांना चिरडते. पेस्टलची पूड आणि रंगीत कागद दोन्ही उन्हात उडतात, म्हणून चौकट खिडकीसमोरच्या भिंतीवर लावू नका असं सांगून ठेवलं. इथे उन्हाळ्यात सूर्य रात्री उशिरापर्यंत खोलीत असतो, त्यामुळे हे जरा जोर देऊनच सांगावं लागलं. त्यांनी ती जिन्याजवळच्या आतल्या भिंतीवर लावली आहे, पेटाऱ्याच्या डोक्यावर नाही. दोन्ही शेजारी ठेवली असती तर पाहणारे तुलना करत बसले असते, आणि तुलनेत पेटाराच जिंकला असता.

जेवणाला आलेल्या पाहुण्यांपैकी एका काकूंनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं आणि असंच काहीतरी त्यांच्या मुलासाठी हवं म्हणाल्या. त्यांच्या घरातली थाळी हालिंगदालची आहे: मध्यावर मोठं फूल, दोन्ही बाजू सारख्या, रंग दाट. त्या कामाला लाटणं लागणार नाही, ट्रेसिंग पेपरही नाही. कागद दुमडायचा, अर्धी नक्षी काढायची, आणि थर एकावर एक चढवायचे. फूल या वेळी मोठंच करायचं आहे.